चित्रातला घोडा नेमका कोणता?

इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांत आणि संग्रहालयांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या शर्यतीच्या घोड्यांची कितीतरी तैलचित्रं टांगलेली आहेत. मांडणी बहुतेक ठरलेली. बाजूनं दिसणारा घोडा, लगाम धरून उभा असलेला मोतद्दार, कधी पाठीवर जॉकी, मागे सपाट माळ आणि वर भरपूर आभाळ. चौकटीच्या खालच्या पट्टीवर पितळी पत्रा, आणि त्यावर घोड्याचं नाव कोरलेलं. बघणारा नाव वाचतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. या चित्रांचा अभ्यास करणारे मात्र संशयाची सुरुवात त्या पितळी पत्र्यापासूनच करतात.

कारण चित्र आणि पत्रा एकाच वयाचे नसतात. चित्र १७६५ सालचं असेल, तर चौकट आणि पत्रा शंभर वर्षांनंतरचा असू शकतो. मधल्या काळात घरातल्या तीन-चार पिढ्या होऊन जातात, एखाद-दुसरा लिलाव होतो, आणि आठवण एवढीच उरते की पणजोबांचा हा घोडा न्यूमार्केटला, म्हणजे इंग्लंडमधल्या शर्यतींच्या प्रसिद्ध गावी, जिंकला होता. मग कुणीतरी त्या काळातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव त्याला देऊन टाकतं. त्यात पैशाचाही भाग आहेच. अठराव्या शतकात घोड्यांच्या चित्रांसाठी गाजलेल्या जॉर्ज स्टब्जनं काढलेलं 'गिमक्रॅक' या घोड्याचं चित्र २०११ साली लंडनच्या लिलावात २ कोटी २४ लाख पाउंडांना गेलं. नामांकित घोडा आणि नामांकित चित्रकार एकत्र आले की किंमत कुठे जाते ते यावरून कळेल. विकणाऱ्याच्या दृष्टीनं 'अनोळखी तांबूस घोडा' यापेक्षा 'एक्लिप्स' हे कधीच न हरलेल्या घोड्याचं नाव केव्हाही चांगलं.

मग ओळखायचं कशावरून? पहिला पुरावा घोड्याच्या अंगावरच असतो.

आपल्याकडे घोड्याची पारख करणारे कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरा रंग आणि अंगावरचे भोवरे बघत आले आहेत. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी घोडा सगळ्यांना माहीत आहे. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आज धावणाऱ्या घोड्याच्या कागदपत्रांतही हेच नोंदलेलं असतं: रंग, कपाळावरची खूण, कोणता पाय कुठपर्यंत पांढरा, भोवरे कुठे. या खुणा जन्मतः असतात आणि सहसा आयुष्यभर टिकतात. म्हणून जुन्या चित्रासमोर उभं राहिल्यावर आधी चारही पाय बघावेत, मग तोंड. बाकी सगळं नंतर.

या पद्धतीचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे डार्ली अरेबियन. शर्यतीच्या घोड्यांच्या आजच्या थरोब्रेड जातीच्या तीन मूळ पुरुषांपैकी हा एक. थॉमस डार्ली नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं तो सीरियातल्या अलेप्पो शहरात मिळवला आणि १७०४ साली यॉर्कशरमधल्या आल्डबी पार्क या आपल्या घरी पाठवला. पाठवण्याआधी, डिसेंबर १७०३ मध्ये, त्यानं भावाला पत्र लिहून घोड्याचं वर्णन कळवलं. रंग बे, म्हणजे तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपूट. पुढचा डावा पाय आणि मागचे दोन्ही पाय पांढरे. तोंडावरचा पांढरा पट्टा चांगला रुंद. पंचकल्याणी व्हायला एकच पाय कमी, पुढचा उजवा.

या चार ओळींच्या वर्णनाचं मोल फार मोठं आहे. आता कुणीही 'डार्ली अरेबियन' म्हणून चित्र पुढे केलं की पुढचा उजवा पाय बघायचा. तो पांढरा असेल तर एक तर घोडा दुसरा, किंवा चित्रकारानं घोडा पाहिलेलाच नाही, किंवा नंतर कुणीतरी पायावर रंग चढवला आहे. तिन्ही शक्यता वेगळ्या तपासाव्या लागतात. पण नाव बिनबोभाट मान्य करायची सोय उरत नाही.

यातच सगळ्या कामाचं मर्म आहे. 'हा तो घोडा नव्हे' असं एका पायावरून सांगता येतं. 'हा तोच' असं सांगायला मात्र चारही पाय जुळले तरी पुरत नाही, कारण रुंद पट्ट्याचे आणि तीन पांढऱ्या पायांचे बे घोडे इंग्लंडात त्या काळी पुष्कळ होते. ओळख पटवणं म्हणजे मुख्यतः एकेक नाव खोडत जाणं.

रंगाची पारखही वाटते तितकी सरळ नाही. बे आणि चेस्टनट यांतला फरक आयाळीत आणि पायांत असतो. चेस्टनट तांबूस असतो, आयाळही तांबूस किंवा त्याहून फिकी, पाय काळे नसतात. स्टब्जचा 'व्हिसलजॅकेट' बघा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ९ फुटांहून उंच कॅनव्हासवर तो मागच्या पायांवर उभा आहे. तांब्यासारखं अंग आणि जवळपास पांढरी आयाळ-शेपूट. असा घोडा चटकन दुसऱ्याशी गोंधळत नाही. साध्या बे घोड्याचं तसं नाही, आणि शर्यतीचे बहुतेक घोडे साधे बे असतात.

ग्रे घोड्यांची तर वेगळीच गंमत. ग्रे घोडा जन्मतो गडद रंगाचा. वाढत्या वयात अंगावर चट्टे उमटतात, मग तो उजळत जातो आणि म्हातारपणी जवळजवळ पांढरा होतो. गिमक्रॅक १७६० साली जन्मला. स्टब्जनं १७६५ च्या सुमारास काढला तेव्हा तो गडद, करडा दिसतो. याच घोड्याचं म्हणून एखादं चित्र पांढऱ्याशुभ्र घोड्याचं असेल आणि त्यात जॉकी, शर्यतीचा माळ असा ऐन तारुण्यातला थाट असेल, तर काहीतरी चुकतंय. गिमक्रॅकच्या बाबतीत आकारही मदतीला येतो. तो जेमतेम १४ हात उंचीचा होता. घोड्याच्या मापातला हात म्हणजे ४ इंच, तेव्हा खांद्यापाशी साधारण ४ फूट ८ इंच. शेजारी उभ्या मोतद्दाराशी तुलना करून हे ताडता येतं, अर्थात चित्रकारानं मालकाला खूश करायला घोडा मोठा केला नसेल तर.

आनुवंशिकतेचे दोन नियमही हाताशी ठेवावेत. ग्रे घोड्याचे आई किंवा बाप यांपैकी निदान एक ग्रे असावाच लागतो. आणि दोन चेस्टनट घोड्यांचं शिंगरू चेस्टनटच होतं. वेदरबी कुटुंबानं १७९१ पासून घोड्यांच्या वंशावळींचे ग्रंथ छापायला सुरुवात केली. त्यात दिलेला रंग आणि चित्रातला रंग जुळत नसेल तर आई-बापांचे रंग बघून पुष्कळदा ठरवता येतं की चूक चित्राच्या नावात आहे की छापील नोंदीत.

आता डावं-उजवं. इथे भलेभले फसतात.

गाजलेल्या घोड्यांच्या चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापचित्रं काढायची पद्धत होती. ती स्वस्त असत आणि खाणावळीपासून दिवाणखान्यापर्यंत सगळीकडे लागत. त्यांच्या खाली घोड्याचं नाव, मालक, कधी जिंकलेल्या शर्यतींची यादीही छापलेली असे. म्हणून अनोळखी तैलचित्राचा घोडा ओळखायला छापचित्रं फार उपयोगी. पण कोरणाऱ्यानं मूळ चित्र जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं तर कागदावर ते आरशात पाहिल्यासारखं उलटं उमटतं. काही कोरणारे आधीच उलटं कोरून घेत, काही घेत नसत. मग डार्ली अरेबियनचा पांढरा डावा पाय छापचित्रात उजवा होतो. पुढे कुणी चित्रकार त्या छापचित्रावरून तैलचित्र काढतो, आणि चुकीचा पाय रंगवलेलं, जुनं दिसणारं, बऱ्यापैकी हातानं काढलेलं चित्र तयार होतं. अशा चित्रातला पाय चुकला म्हणून घोडा दुसरा असं ठरत नाही. ठरतं एवढंच की हे चित्र घोड्यासमोर उभं राहून काढलेलं नाही. सोपी कसोटी अशी की सगळ्या खुणा एकदम उलट्या झाल्या आहेत का ते बघायचं. सगळ्याच उलट्या असतील तर मधे छापचित्र असल्याची दाट शक्यता. एकच खूण बिघडली असेल तर कारण दुसरं. मुंबईच्या चोरबाजारात किंवा जुन्या क्लबांच्या भिंतींवर घोड्यांची इंग्रजी छापचित्रं दिसली तर हे जरूर आठवावं. त्यांतली बरीचशी विसाव्या शतकातली पुनर्मुद्रणं असतात हेही.

जॉकीचा रंगीत सदरा हा दुसरा मोठा पुरावा. ऑक्टोबर १७६२ मध्ये न्यूमार्केटला १९ मालकांनी आपापले रंग नोंदवले, म्हणजे धावताना कोणता घोडा कुणाचा हे लांबून कळावं. ड्यूक ऑफ डेव्हनशरचा गवती पिवळा, लॉर्ड बोलिंगब्रोकचा काळा, रॉकिंगहॅमचा हिरवा, ड्यूक ऑफ ग्राफ्टनचा आकाशी. चित्रात काळा सदरा दिसला की बोलिंगब्रोकच्या घोड्यांची यादी काढायची आणि त्यात खुणा जुळणारा घोडा शोधायचा. गिमक्रॅकच्या प्रसिद्ध चित्राचा मालक बोलिंगब्रोकच होता. वीस-पंचवीस घोड्यांमधून शोध दोन-तीनवर येतो.

पण इथेही अडचणी आहेत, आणि त्या रसायनाच्या आहेत. तैलचित्रावर चढवलेलं व्हार्निश जुनं झालं की पिवळं, मग तपकिरी पडतं, आणि आपण चित्र जणू चहाच्या काचेतून बघत असतो. त्यातून आकाशी हिरवा दिसतो, पांढरा गवती पिवळा होतो. म्हणजे ग्राफ्टनचा जॉकी रॉकिंगहॅमचा वाटू शकतो. काही तांबडे रंग उजेडानं उडून गुलाबी होतात. तांब्यापासून केलेले हिरवे रंग तपकिरी पडतात. म्हणून सदऱ्याचा रंग ठरवण्याआधी चौकटीच्या कडेखाली झाकलेला भाग बघतात, तिथे उजेड पोचलेला नसतो. किंवा संवर्धक एखाद्या इंचभर जागेवरचं व्हार्निश काढून दाखवतात. याशिवाय १७६२ च्या यादीत एकच रंग दोघांच्या नावावर असल्याचीही उदाहरणं आहेत, तेव्हा सदरा स्वच्छ काळा-पांढरा दिसला तरी खुणा बघायचं काम चुकत नाही.

आणि घोडे विकले जात. गिमक्रॅक वाइल्डमन नावाच्या मांसाच्या व्यापाऱ्याकडून बोलिंगब्रोककडे गेला, पुढे एका फ्रेंच सरदाराकडे, पुढे लॉर्ड ग्रोव्हनरकडे. प्रत्येक मालकाबरोबर सदऱ्याचा रंग बदलला. याचा फायदा असा की घोडा नक्की माहीत असेल तर सदऱ्यावरून चित्राचं साल काढता येतं. तोटा असा की मालक बदलला की कधी कधी घोड्याचं नावही बदलत असे.

नावांचा गोंधळ हा या विषयातला सगळ्यात दमवणारा भाग. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात घोड्यांना पक्की नावं असायचीच असं नाही. अमक्याचा ग्रे, तमक्याची बे घोडी, एवढंच. अरबी-तुर्की घोड्यांना मालकाचं आडनाव लागे. 'चिल्डर्स' या नावाचे दोन सख्खे भाऊच होते. दोघांचाही बाप डार्ली अरेबियन. थोरला फ्लाइंग चिल्डर्स, ड्यूक ऑफ डेव्हनशरचा, त्या काळातला सगळ्यात वेगवान म्हणून गाजलेला. दुसरा बार्टलेट्स चिल्डर्स, नाकातून रक्त येई म्हणून कधी धावलाच नाही, पण एक्लिप्सच्या बापाचा आजोबा तोच. जुन्या यादीत नुसतं 'चिल्डर्सचं चित्र' असं लिहिलेलं सापडलं तर ते कोणाचं? पाठीवर शर्यतीचा जॉकी असेल तर धाकट्याला वगळता येतं. नुसता उभा घोडा असेल तर खुणांकडेच परतावं लागतं.

शर्यतींच्या निकालांची छापील वार्षिकं जॉन चेनीनं १७२७ पासून काढायला सुरुवात केली, म्हणून त्यानंतरच्या घोड्यांचं कुठे, कधी, कुणासाठी धावला हे बऱ्यापैकी तपासता येतं. त्याआधीच्या चित्रांबाबत मी तरी कुठल्याही ठाम नावावर सहज विश्वास ठेवणार नाही.

मागचा देखावा लोकांना फार भावतो, पण त्याच्यावर फार भार टाकू नये. न्यूमार्केटच्या माळावर शर्यतीनंतर घोड्याला पुसून कोरडं करायची लहानशी विटांची घरं होती. स्टब्जनं त्यातलं एक घर घोड्याविनाच, १७६५ च्या सुमारास, अभ्यासासाठी रंगवून ठेवलं, आणि तोच देखावा गिमक्रॅकच्या मागे वापरला, पुढे एक्लिप्सच्या मागेही. १८०० साली हॅम्बल्टोनियन नावाचा घोडा काढतानाही त्याला पुसण्याचं घर लागलंच. म्हणजे घर दिसलं की न्यूमार्केट हे खरं, पण अमुक दिवशीची अमुक शर्यत असं त्यावरून म्हणता येत नाही. गिमक्रॅकच्या चित्रात तर तोच घोडा दोनदा आहे. डावीकडे त्याला पुसताहेत आणि लांब उजवीकडे तोच पुढे धावतोय. इमारतींचा उपयोग सालासाठी जास्त. यॉर्कच्या मैदानावरची जॉन कारनं बांधलेली प्रेक्षकांची इमारत १७५० च्या दशकातली. ती चित्रात असेल तर चित्र त्याआधीचं असू शकत नाही.

अंगकाठीवरून घोडा ओळखण्याचा मोह मात्र टाळावा. लांब मान, इवलंसं डोकं, काड्यांसारखे पाय ही त्या काळाची आवड होती. वूटन आणि सीमोर यांच्या चित्रांतले कितीतरी घोडे एकमेकांचे सख्खे वाटतात ते त्यामुळे. धावणारा घोडा चारही पाय ताणून हवेत तरंगतो, तसा खरा घोडा धावतच नाही हे मायब्रिजच्या छायाचित्रांनी १८७८ मध्ये दाखवून दिलं. स्टब्ज या सगळ्यांत वेगळा. लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो गावी त्यानं सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे थराथरानं सोलून त्यांची हाडं-स्नायू रेखाटले आणि १७६६ साली ती चित्रं छापली. त्याच्या चित्रातला पांढरा पाय मी पुरावा म्हणून घेईन. पण स्टब्जनंही न पाहिलेले घोडे रंगवले आहेत. गोडॉल्फिन अरेबियन हा थरोब्रेडचा आणखी एक मूळ पुरुष १७५३ मध्ये मेला. स्टब्जनं त्याचं चित्र चाळीसेक वर्षांनी काढलं, डेव्हिड मॉरिए या आधीच्या चित्रकाराच्या चित्रावरून. सही स्टब्जची असली तरी साक्ष मॉरिएची.

आता समजा, तुमच्यासमोर एक चित्र आहे. चेस्टनट घोडा, तोंडावर पांढरा पट्टा, मागचे दोन्ही पाय पांढरे, हिरव्या सदऱ्यातला जॉकी, पितळी पत्र्यावर 'एक्लिप्स'. एक्लिप्स १ एप्रिल १७६४ च्या सूर्यग्रहणात जन्मला, १७६९ आणि १७७० अशी दोनच वर्षं धावला, कधीच हरला नाही. चेस्टनट, तोंडावर पट्टा, आणि पांढरा पाय एकच, मागचा उजवा. मालक आधी वाइल्डमन, मग ओकेली. तेव्हा पट्टा जुळतो, रंग जुळतो, मागचा डावा पाय आणि सदरा जुळत नाही. आधी हिरवा खरंच हिरवा आहे का, हे चौकटीच्या कडेला बघायचं. मग अतिनील दिव्याखाली डावा पाय बघायचा. जुनं व्हार्निश त्या उजेडात हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर चढवलेला रंग काळपट डागासारखा दिसतो. पाय मूळचाच पांढरा निघाला तर एक्लिप्स खोडायचा, आणि हिरवा सदरा वापरणाऱ्या मालकांच्या चेस्टनट घोड्यांकडे वळायचं. बरं, या घोड्याच्या कीर्तीला भुललेले लोक चित्रापुरते थांबले नाहीत. त्याचा सांगाडा लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजकडे आहे, एक खूर सोन्यात मढवून चौथ्या विल्यमनं जॉकी क्लबला दिला, आणि 'एक्लिप्सचा अस्सल खूर' म्हणून मिरवलेले खूर चारापेक्षा जास्त भरतात.

जिवंत घोड्याची ओळख पटवतानाही फसगत होत असे हे विसरू नये. १८४४ ची डर्बी, म्हणजे फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठीची इंग्लंडमधली नामांकित शर्यत, 'रनिंग रेन' या घोड्यानं जिंकली. प्रकरण कोर्टात गेल्यावर कळलं की तो मॅकबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता. न्यायाधीशांनी घोडा हजर करा म्हटलं, दात बघून वय ठरलं असतं, पण घोडा गायब झाला होता. शर्यत दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला दिली गेली. चित्राचे दात बघता येत नाहीत.

त्यामुळे शेवटचा शब्द पुष्कळदा कागदाचा असतो. हॅम्बल्टोनियनच्या चित्राबद्दल शंका नाही, कारण पैसे मिळेनात म्हणून म्हाताऱ्या स्टब्जनं मालक सर हेन्री व्हेन-टेम्पेस्टवर खटला भरला होता. व्हिसलजॅकेटचा मालक रॉकिंगहॅम. त्याच्या घराण्याच्या कागदांत १७६२ च्या स्टब्जच्या पावत्या आहेत. एकीत एक सिंह आणि एक पूर्ण आकाराचा घोडा, एवढाच उल्लेख. नाव नाही. दुसरीत तीन घोडे आणि एक माणूस असं एक चित्र. त्या चित्राला आज 'व्हिसलजॅकेट, इतर दोन घोडे आणि मोतद्दार सायमन कॉब' म्हणतात. मला हे शीर्षक फार आवडतं. ज्यांची नावं ठाऊक आहेत त्यांची दिली, उरलेल्या दोघांना उगाच कुणाचं नाव चिकटवलं नाही.

घरात किंवा क्लबात असं जुनं चित्र असेल तर साफसफाईला देण्याआधी त्याचे नीट फोटो काढून ठेवावेत. चारही पायांचे वेगवेगळे, तोंडाचा समोरून, सदऱ्याचा दिवसाच्या उजेडात, आणि मागच्या बाजूचा नक्की. लाकडी पट्ट्यांवर लिलावगृहांचे काळ्या शाईचे आकडे, जुनी लेबलं, शाईनं लिहिलेली नावं असतात. एका मोठ्या लिलावगृहाच्या ठशांवरून विक्रीची तारीख काढता येते, तारखेवरून छापील यादी, आणि यादीत तेव्हा त्या घोड्याला काय म्हणत होते ते. मागे नवं कापड चिकटवून कॅनव्हास मजबूत केला की मूळ कापडावरचं लिखाण कायमचं झाकलं जातं. आणि पितळी पत्रा काढून फेकू नये. तो खोटा ठरला तरी कोणत्या काळात कुणाला त्या घोड्याला काय म्हणावंसं वाटलं, हे तो सांगतो.